निळ्या काठाची चादर

थोरली कामावरून घरी आली, बूट काढले, स्वयंपाकघरात जाऊन पेलाभर पाणी घेतलं, आणि तो पेला तोंडाला न लावताच आईच्या खोलीच्या दारात थबकली. आईच्या पलंगावर निळ्या काठाची चादर अंथरलेली होती. झालं होतं ते एवढंच. चादर स्वच्छ होती, तिचे कोपरे गादीखाली नीट खोचलेले होते, खिडकीतून उतरतं ऊन पायथ्याशी पडलं होतं, आणि आई त्या चादरीवर पाय पसरून, मांडीवर वाडगा घेऊन मटार सोलत बसली होती. एखादं टरफल खाली पडलं की ती ते दोन बोटांनी उचलायची आणि शेजारच्या कागदावर टाकायची. "आलीस? चहा ठेवू?" आईने विचारलं. थोरली "नको" म्हणाली, मग "ठेव" म्हणाली, मग "थांब, मीच ठेवते" म्हणाली, आणि जागची हलली नाही.

बाहेरच्या माणसाला यात काही वावगं दिसलं नसतं. चादरी असतात त्या अंथरण्यासाठीच. पण ही चादर वर्षाहून जास्त काळ थोरलीच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर घडी घालून ठेवलेली होती, आणि ती घडी बाबांची होती. बाबांना दवाखान्यात न्यायच्या आधीची गोष्ट. थोरली त्यांना बघायला म्हणून माहेरी गेली, तर वाळलेले कपडे नुकतेच आत आले होते, आई स्वयंपाकघरात होती, आणि बाबांच्या पुढ्यात टेबलावर ही चादर तयार होती, चारी कडा एकमेकींवर अशा बसलेल्या की मधून नख जाऊ नये. बाबांना धाप लागली होती. त्यांनी घडीवर तळहात ठेवला, "झालं," म्हणाले आणि खुर्चीत बसले. त्यानंतर त्यांनी कशाचीच घडी घातली नाही. ते गेले, आई थोरलीकडे राहायला आली, आईच्या सामानातून चादरही आली, आणि थोरलीने ती काही न बोलता वर ठेवून दिली. नवऱ्याला तेवढं सांगितलं, "वरची चादर घेऊ नकोस." तो भला माणूस, का म्हणूनही त्याने विचारलं नाही. आईला मात्र तिने काही सांगितलं नव्हतं. आईला काय सांगायचं? आईला न सांगता कळायला हवं होतं.

थोरली हे काही तिचं नाव नव्हे. घरात मुलं दोनच, पण बाबांनी हिला थोरली आणि भावाला धाकटा म्हणायला सुरुवात केली ती कायमची. आता थोरलीचे गुडघे दुखू लागले आणि दूरदेशी गेलेल्या धाकट्याला टक्कल पडलं, तरी नावं तीच. बाबा 'थोरले' अशी हाक मारत तेव्हा शेवटचा 'ले' थोडा लांबवत. किती लांबवत? हेच तिला अलीकडे नीट आठवेनासं झालं होतं. कधी तो फार लांब ऐकू यायचा, बाबांनी कधी मारली नसेल अशी हाक. चेहऱ्याचंही तसंच. भिंतीवरच्या फोटोतला चेहरा खऱ्या चेहऱ्याला हळूहळू बाजूला सारत होता, आणि फोटोत ते हसत नव्हते, एरवी हसतमुख माणूस. म्हणून तिला घडीचा आधार होता. घडीत कमीजास्त काही होत नव्हतं. दिवस वाईट गेला की ती कपाट उघडायची, वरच्या फळीवर हात ठेवायची, कापडाची थंड धार बोटाला लागायची, आणि कपाट बंद. बाबांच्या हाताने शेवटची केलेली गोष्ट तिथे जशीच्या तशी होती. आता ती पलंगावर पसरलेली होती आणि आई तिच्यावर मटार सोलत होती. थोरलीला आईचा राग आला, आणि रागाच्या मागोमाग लाजही वाटली, कारण चुलीत जाऊ दे ती चादर म्हणण्याइतकी ती शहाणी होती, फक्त तसं म्हणवत नव्हतं.

बाबा लष्करात होते, पण लष्करातला माणूस म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे जे उभं राहतं त्यातलं त्यांच्यापाशी काहीच नव्हतं. मिशी नव्हती, मोठा आवाज नव्हता, बंदुकीच्या गोष्टी नव्हत्या. ते पॅराशूटच्या घड्या घालत. लांबच लांब टेबल, त्यावर पसरलेलं पातळ कापड, एकेक दोरी गुंता न होऊ देता सरळ करायची, कापडाच्या पट्ट्या एकमेकींवर बसवायच्या, आतली हवा तळहाताने रेटत बाहेर काढायची, आणि खोलीभर मावणार नाही एवढा तो पसारा माणसाच्या पाठीवर बसेल एवढ्या पिशवीत भरायचा. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी हेच केलं, आणि त्यांना ते कधी कमीपणाचं वाटलं नाही. शेजारी त्यांना 'छत्रीवाले' म्हणत. निवृत्त झाल्यावर लोक खरोखरच मोडक्या छत्र्या घेऊन दारात येऊ लागले, आणि बाबांनी एकालाही परत पाठवलं नाही. "छत्री ती छत्री, लहान काय अन् मोठी काय," असं म्हणत ते काड्या सरळ करत बसायचे. आई म्हणायची, "घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं." पण दुरुस्त झालेली छत्री न्यायला माणूस आला की त्याला चहा तीच द्यायची.

त्यांच्या कामात एक रीत होती. मोठा साहेब वाटेल त्या दिवशी यायचा, रचून ठेवलेल्या पिशव्यांपैकी एक उचलायचा, आणि तिची घडी ज्याने घातली त्याच्याच पाठीवर ती बांधून त्याला विमानात चढवायचा. ज्याचं काम त्याच्या गळ्यात, असा सरळ हिशेब. बाबांवरही ही पाळी आली होती. मुलं लहान असताना ती गोष्ट त्यांना परतपरत सांगावी लागे. "भीती वाटली?" धाकटा विचारायचा. "घडीची नाही वाटली," बाबा म्हणायचे, "दाराची वाटली. विमानाचं दार फार मोठं असतं रे." "मग खाली आल्यावर काय केलंत?" "काय करणार? आधी कापड गोळा केलं. म्हटलं, तुमच्या आईने पाहिलं तर म्हणेल, एवढा पसारा आता कोण आवरणार." मुलं दर वेळी इथे हसायची, आणि आई दर वेळी इथे म्हणायची, "सगळ्यात मी बरी सापडते." थोरलीला आता दारात उभ्याउभ्या ते हसू आठवलं, आणि ओठ आपोआप हलले. राग पुरता धरता येत नव्हता. बाबांची आठवण रागाच्या कामी येणाऱ्यांतली नव्हती.

कारण तो माणूसच तसा होता. नाकासमोर चालणारा, आणि चालून झालं की घरी येणारा. त्यांना मित्र होते, पत्त्यांचा डाव होता, पण घरातलं कोणी बाहेर असलं की त्यांचं डावात लक्ष नसायचं. थोरली कॉलेजातून यायची ती बस वळणावर दिसली की गॅलरीच्या कठड्यावरून डोकावणारं बाबांचं डोकं आत जायचं. ती जिना चढून येईपर्यंत बाबा खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसलेले, जणू सकाळपासून तिथेच आहेत. सगळे घरात आलेले डोळ्यांनी पाहिल्याखेरीज ते जेवायला बसत नसत. एकदा धाकट्याची सहल फार उशिरा परतली, तर आईने ताट वाढून झाकून ठेवलं आणि बाबा शाळेच्या फाटकापाशी इतर कुणाचेच वडील नसताना उभे होते. धाकटा त्यावरून आठवडाभर फुगला होता. मित्र चिडवतात म्हणे. बाबा त्याला म्हणाले, "चिडवू दे. मी पाहिलं ना तुला उतरताना. माझं काम झालं." हे असं का, हे थोरलीला पुष्कळ उशिरा कळलं, आणि तेही तिच्या स्वतःच्या कामाच्या जागी.

थोरली एक्स-रे काढते. तळघरातली थंड खोली, जाड दार, काचेमागची छोटी जागा, आणि दिवसभर तेच तीन हुकूम: श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. म्हातारे, पोरंटोरं, हात मोडलेले खेळाडू, सगळे तिचं ऐकतात. बाबांचा खोकला हटेना तेव्हा तिने त्यांना आपल्याच हाताखाली उभं केलं. हनुवटी वर, छाती पाटीला टेकलेली, खांदे पुढे. पाठीवर पॅराशूट चढवून घेणाऱ्या माणसासारखे ते निमूट उभे होते. "श्वास घ्या, बाबा. धरून ठेवा." तिने बटण दाबलं, पडद्यावर चित्र आलं, आणि डाव्या बाजूला, जिथे काळं दिसायला हवं तिथे, तिला पांढुरकं काहीतरी दिसलं. किती वेळ ती त्याकडे बघत राहिली कोण जाणे. मग काचेतून पाहिलं तर बाबांचे कान लाल झाले होते, मान थरथरत होती, आणि ते अजून श्वास धरून उभे होते. "सोडा, बाबा, सोडा!" ती ओरडली. बाबांनी फुस्स करून श्वास सोडला, खूप खोकले, आणि खोकला थांबल्यावर म्हणाले, "हुकूमच आला नाही." ती हसली. हसता हसता रडली. बाबांनी ते पाहिलं आणि पडद्यावर काय आहे हे विचारलं नाही.

नंतर बाहेरच्या बाकावर, शर्टाची बटणं लावत, ते आपण होऊन बोलले होते. लढाईच्या दिवसांतलं. एक जवान होता, सारखी शीळ घालायचा. जाताना त्याने बाबांच्या टेबलावरची पिशवी उचलली, पाठीवर टाकली, "उघडेल ना हो?" म्हणून थट्टा केली आणि शीळ घालत निघून गेला. तो परत आला नाही. पुष्कळच आले नव्हते. "गोळी लागली असेल, बाबा," थोरली म्हणाली. "असेल की. बहुतेक तसंच असेल." "तुम्ही कुणाला विचारलं नाहीत?" "नाही." "का?" बाबांनी वरचं बटण लावलं, ते चुकीच्या काजात गेलं होतं, काढलं, परत लावलं. "उत्तर आलं असतं ना," ते म्हणाले. मग जरा हलक्या आवाजात, "आमच्या कामात तेवढंच वाईट. घडी आपण घालायची, आणि उघडलेली दुसऱ्यानेच बघायची. घरी मात्र मी सगळं बघून घेतलं हो. तुम्ही दोघं कुठूनही या, मी पाहिलंय तुम्हाला येताना." हे सांगताना ते दुःखी नव्हते. पोटभर जेवलेल्या माणसाने बोलावं तसं बोलत होते, आणि थोरलीला वाटलं होतं की या माणसाचं आयुष्य चांगलं गेलं, खरंच चांगलं गेलं, आणि ते त्याला ठाऊक आहे.

"उभी काय राहिलीस दारात? बस की," आई म्हणाली. थोरली पलंगावर बसली नाही, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली, पेला मांडीवर धरून. "आई, ही चादर," ती म्हणाली आणि थांबली. "हो, सकाळी काढली. उकडतंय किती. ही पातळ आहे, अंगाला बरी." "वर ठेवली होती मी." "तर काय. स्टूल घ्यावं लागलं. एवढ्या वर कशाला ठेवतेस रोजच्या वापरातलं?" थोरलीने पेला खाली ठेवला. "आई, त्या चादरीची घडी बाबांनी घातली होती. शेवटची. मी मुद्दाम ठेवली होती तशीच." आईचे हात थांबले नाहीत. एक शेंग सोलून झाली, दुसरी घेतली. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "ठाऊक होतं आणि तरी मोडलीस?" "अगं, वर्ष होऊन गेलं. घडीवर पिवळी रेघ धरलीय बघ, ती, तिथे. आणखी ठेवली असतीस तर त्याच रेघेवर फाटली असती. छत्रीवाल्यांची मुलगी ना तू? ह्यांनी ठेवू दिली असती का?"

ह्यांनी ठेवू दिली नसती. थोरली ओशाळली. बंद घडी फार दिवस ठेवायची नाही, ही तर बाबांच्या कामाची बाराखडी होती. वापरलेलं असो वा नसो, पॅराशूट ठरल्या वेळी पिशवीतून काढायचं, उंच टांगायचं, वारा द्यायचा, आणि नव्याने घडी घालायची; नाहीतर कापड दबून राहतं आणि ऐन वेळी उघडायला आळस करतं. आणि त्यापायी घरातही वर्षातून दोन रविवार वाया जात. कपाटं रिकामी, पांघरुणं, टेबलक्लॉथ, हिवाळ्यातले कपडे सगळे बाहेर, दोऱ्यांवर, खुर्च्यांवर, धाकट्याच्या डोक्यावर. सगळं झटकायचं, आणि पुन्हा घडी, पण जुन्या रेघेवर नाही, थोडी सरकवून. मुलांना ते रविवार अगदी नकोसे व्हायचे. थोरली तर पोटात दुखतंय म्हणून पडून राहायची आणि पांघरुणांच्या ढिगात गोष्टीचं पुस्तक वाचायची. हे सगळं ती साफ विसरली होती. बाबांच्या हातची घडी तिने जपली होती, आणि बाबांनी जन्मभर जे करू दिलं नसतं नेमकं तेच केलं होतं. तिला स्वतःचंच हसू आलं. "तेव्हा मला बोलायचं होतंस," ती म्हणाली. "मी ती वर ठेवली तेव्हाच." "म्हटलं, ठेवू दे थोडे दिवस. तुला बरं वाटतंय तर." आईने शेंगा बाजूला सारल्या. "पण मला जरा गंमत वाटायची हं. तू कपाट उघडून तिला हात लावायचीस ना, मी बघायची. बाबांची घडी, बाबांची घडी. अगं, एवढी मोठी चादर, त्यात त्यांना धड उभंही राहवत नव्हतं, एकट्याने घातली असेल का त्यांनी? दुसरं टोक कुणाच्या हातात होतं?"

आई हे सहज बोलली होती, तक्रारीचा सूरही नव्हता. पण थोरलीच्या मनात काहीतरी जोरात सरकलं. टेबलावर तयार घडी, बाबांचा तळहात, "झालं", आणि आई? आई स्वयंपाकघरात. म्हणजे चादर धरून झाल्यावर नुकतीच आत गेलेली. तिने आठवणीत मागे मागे जाऊन पाहिलं. रविवारच्या त्या पसाऱ्यात बाबा उभे आहेत, हातात पांघरुणाची दोन टोकं, आणि पांघरूण हवेत ताणलेलं आहे. ते असं ताणलेलं राहिलंच कसं? पलीकडे कुणी तरी होतं. प्रत्येक वेळी होतं. थोरलीने इतक्या वर्षांत ते चित्र असंच काढलं होतं, बाबा मधोमध आणि पलीकडची बाजू फिल्मच्या बाहेर. कामावर कुणी असा एक्स-रे काढला असता तर तिने त्याला परत काढायला लावला असता.

"ते काहीतरी म्हणायचे ना, घडी घालताना?" तिने विचारलं. "म्हणायचे तर. पलटणीतली सवय. तिथे टेबलाच्या दोन टोकांना दोघं, आणि एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. धर. ताण. झटक. ये." आई हसली. "लग्न झालं तेव्हा मला वाटलं, हे काय, मी काय शिपाई आहे? एकदा मुद्दाम सोडूनच दिली चादर. हे मागच्या मागे पलंगावर पडले. मग दोघंही हसलो. आणि खरं सांगू, एरवी ह्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही की जवळ बोलावलं नाही, लाजाळू माणूस. पण कपडे वाळले की म्हणायचे, ये. रोज काही ना काही वाळायचंच." तिने चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि वाडगा उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "चल, ऊठ. घडी घालू तुझी. झोपताना परत पसरू, चादरीला काय होतंय."

दोघींनी मिळून चादर सोडवली. थोरलीला आत्ता आठवत होतं की वर्षभर या घरात चादरींच्या घड्या आई एकटीच घालत आली. ती गॅलरीत उभी राहायची, चादरीची वरची कड मधोमध हनुवटीखाली धरायची, दोन्ही हात पसरून खालची टोकं गोळा करायची, अर्धी चादर जमिनीला लागू नये म्हणून टाचा उंचावायची. थोरली कामावर जाताना रोज तिच्या बाजूने गेली होती, "येते गं" म्हणत, घाईत. आणि आई हनुवटी न हलवता "हं" म्हणायची. कधी तरी बॅग खाली ठेवून दुसरं टोक धरायला काय झालं होतं? थोरलीला फार वाईट वाटलं, आणि त्यात एक प्रकारचा आनंदही होता, कारण आई समोर होती, हात पुढे करून उभी होती, आणि उशीर झालेला नव्हता.

आई न विचारता खिडकीकडच्या बाजूला गेली होती. तीच तिची जागा असणार. दोन टोकं तिने अंगठा आणि दोन बोटं यांच्यात धरली, कोपर अंगाशी घेतलं, आणि थोरलीच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघत उभी राहिली. थोरलीही उभी राहिली. चादर मध्ये लोंबत होती. ती आईची वाट बघत होती, की आई सुरू करेल. आई हलली नाही. मग थोरलीला कळलं की आईला यातला ऐकण्याचाच भाग येतो. बोलायचं या बाजूच्याने.

"धर," थोरली म्हणाली. तिचा आवाज बारीक निघाला. आईने टोकं घट्ट केली. "ताण." आईने अशी ताणली की थोरली एक पाऊल पुढे ओढली गेली, त्या वाळक्या हातांत एवढी ताकद आहे हे तिला माहीत नव्हतं. "झटक." चादर दोघींच्या मध्ये फटकन वाजली आणि निळा काठ वर जाऊन खाली आला. आई थांबली होती, मान किंचित पुढे, पाऊल उचलायच्या बेतात, पण उचललेलं नाही.

"ये," थोरली म्हणाली.

आई आली. लगबगीने आली, गुडघे दुखतात हे विसरून, आणि आपली दोन टोकं तिने थोरलीच्या बोटांत दिली. तिचे हात गार होते, मटारांचा वास होता. दोघींनी खाली पाहिलं. कडा जुळल्या नव्हत्या. एक बाजू चांगली बोटभर बाहेर आली होती. आईने चष्म्यावरून ती बोटभर पट्टी निरखली, आणि तिच्या तोंडावर एक समाधान पसरलं, जणू असंच व्हावं अशी तिची इच्छा होती.

"मोड," ती म्हणाली, आणि आपली टोकं परत घेऊन, उलट्या पावलांनी खिडकीपर्यंत जाऊन, पुढच्या शब्दासाठी उभी राहिली.